शिडाचा चौथा हिस्सा

माझ्या फाटण्याला कप्तान जबाबदार आहे. वारा नाही, समुद्र नाही, आणि त्या वेळी सुकाणूवर उभी असलेली पोरगी तर मुळीच नाही. कप्तान. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच प्रेमाने बोलणार आहे आणि ते ऐकून तुम्ही विरघळाल. मीही विरघळतो. तरी दोष त्याचाच.

मी शीड बोलतोय. बोटीच्या डोलकाठीवर चढतं ते मोठं, मुख्य शीड. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा दिसतो. माझ्या पोटावर एक आडवी शिवण आहे, हाताने घातलेली आणि चांगलीच वाकडी. तिच्यामुळेच बोलायला बसलोय.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये झाला. तिथली लाकडी जमीन इतकी गुळगुळीत, की बूट दारातच काढावे लागायचे. शिवणाऱ्या बाया गुडघ्यांना गाद्या बांधून माझ्यावरून रांगत फिरायच्या. मशीन जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं होतं आणि बाई त्या खड्ड्यात पाय सोडून बसायची, म्हणजे माझं एवढं मोठं कापड उचलावं न लागता नुसतं सरकवता यायचं. बायांचं बोलणं सतत चालू. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाच्या पोराचे दात. माझ्या प्रत्येक शिवणीत कुणाची तरी तक्रार आहे.

तयार झालो त्या दिवशी कप्तान मला न्यायला आला. सोबत त्याची पुतणी होती, जेमतेम शाळेत जायला लागलेली. मोठी माणसं पैशाचं बोलत होती तेवढ्यात ती लांबून मोजे घालून पळत आली आणि माझ्यावरून पोटावर घसरत थेट दुसऱ्या टोकाला गेली. बाया ओरडल्या. कप्तान ओरडला नाही. त्याने विचारलं, "कसं आहे? चालेल का?" ती म्हणाली, "पळेल."

ती सदा वळवळत असायची, म्हणून तो तिला मुंगी म्हणायचा. पुढे सगळेच म्हणायला लागले.

कप्तान मूळचा समुद्रावरचा माणूस नाही. आयुष्यभर त्याने जमिनी मोजल्या. दोन भावांचं बांधावरून वाजलं की सरकार ह्याला पाठवायचं. हा साखळी टाकायचा, खुंट्या ठोकायचा आणि रेषा ओढायचा. रेषा कुणाच्या गोठ्यातून गेली काय, स्वयंपाकघरातून गेली काय, सरळ म्हणजे सरळ. कुणाच्या घरचं पाणीही प्यायचा नाही, उद्या कुणी म्हणायला नको. निवृत्त झाला आणि मिळालेले सगळे पैसे ह्या बोटीत घातले. लग्न केलं नव्हतं. मोठा भाऊ, वहिनी आणि मुंगी, एवढाच गोतावळा.

दर सुट्टीला मुंगी बोटीवर. मला घडी घालून ठेवलं की ती घडीवर झोपायची. माझ्यावर लोळतच तिने गाठी शिकल्या, वारा ओळखायला शिकली, पहिली सिगारेटही तिथेच ओढली आणि विझवताना मला चटका दिला. तिथेच एकदा कप्तानाने तिला सांगितलं होतं, की एक दिवस आपण पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊ, अख्खा समुद्र ओलांडून. मोठी माणसं लहान पोरांना असं काय काय सांगतात आणि विसरतात. हा विसरला नाही. ह्याबद्दल मी त्याला पूर्ण मार्क देतो.

मुंगीने कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला लागली. तेव्हा तिच्या बापापासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने तिला काही ना काही ऐकवलं. ज्यांना स्वतःच्या पोरांचे वर्ग माहीत नव्हते त्यांनीही ऐकवलं. कप्तानाने फक्त विचारलं, "रविवारी सुट्टी असते ना? मग ये बोटीवर." अख्ख्या घराण्यात तिला न टोचणारं मोठं माणूस एवढं एकच. हे लक्षात ठेवा.

मग खरंच निघायचं ठरलं. मधे एक बेट आहे, तिथपर्यंत पहिला टप्पा. तिथून पुढचा टप्पा दुप्पट लांब. एवढी बोट दोघांना झेपत नाही. चोवीस तास कुणीतरी सुकाणूवर लागतं, कुणीतरी झोपलेलं लागतं. म्हणून कप्तानाने बंदरातल्या फळ्यावर कागद लावला, की हौशी सोबती हवेत. दोघं आली. एक दवाखान्यातली नर्स, वर्षानुवर्षांची साठलेली रजा घेऊन. दुसरा एक बेकरीवाला. धाकट्या भावाच्या हाती भट्टी सोपवून आलेला, दारातून आडवं होऊन शिरावं लागणारा माणूस.

निघण्याआधी कप्तानाने तिघांना बोटीच्या छोट्या टेबलाभोवती बसवलं आणि नियम वाचून दाखवले. लांबच्या सफरीत हीच रीत असते. जेवण, गॅस, डिझेल आणि बंदराचं भाडं हा सामाईक खर्च. त्याची वर्गणी चौघांची सारखी, कप्तानाचीही. बोट, तिची डोलकाठी, इंजिन आणि मी, हा मालकाचा खर्च.

"इथे कुणी नोकर नाही, म्हणून पगार नाही," तो म्हणाला. "कुणी प्रवासी नाही, म्हणून भाडं नाही. आणि वर्गणी एकदाच. पुन्हा मागणार नाही, हा माझा शब्द."

नर्सबाईने विचारलं, काही मोडलंबिडलं तर? कप्तानाने नियमांच्या कागदावर बोट ठेवलं. म्हणाला, बोट माझी, मोडलं तर माझं.

आणि तो नियमाला इतका पक्का होता की हसू यायचं. बाहेर पडल्यावर बेकरीवाल्याला समुद्र लागला. त्याने अन्नाला शिवायचंच सोडलं, जे पोटात होतं तेही समुद्राला दिलं. बरा होऊन उठून बसला तर कप्तान पैसे घेऊन समोर उभा. न खाल्लेल्या जेवणांचे.

बेकरीवाला म्हणाला, "कप्तान, ओकायचे पैसे मिळणारी ही जगातली पहिलीच नोकरी."

"नोकरी नाही," कप्तान गंभीरपणे म्हणाला.

नर्सबाई बिनसाखरेचा चहा प्यायची, तर तिला साखरेचा वाटा परत. मुंगी सुकाणूवरून ओरडली, "काका, मी श्वास जास्त घेते रे. त्याचं किती लावतोस?" त्यावर कप्तान एक क्षण विचारात पडला. खरंच पडला. मग चौघं इतकी हसली, की मी वर ताणलेला असताना मलाही ते दोरांतून जाणवलं.

ते दिवस चांगले होते. बेकरीवाला एका वाकड्या पातेल्यात पाव भाजायचा. मुंगी पाय डोलकाठीला टेकवून माझ्या सावलीत झोपायची. नर्सबाई पहाऱ्यावर असली की मला सगळं सांगायची. शिवणाऱ्या बायांसारखीच, तक्रारी.

मग वारा पडला. गेलाच. समुद्र काचेसारखा झाला आणि मी दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा लोंबत राहिलो. दिवसामागून दिवस तसेच. सामाईक डिझेल जाळून थोडं पुढे सरकायचं आणि पुन्हा थांबायचं. कांदे संपले, बटाट्यांना कोंब आले. चार तोंडं रोज खात होती आणि बोट जागची हलत नव्हती. बेटावर पोहोचून पुढच्या लांब टप्प्याचं सामान भरायचं ते ह्याच वर्गणीतून. कप्तान वर्गणी ठेवलेल्या बरणीतले उरलेले पैसे बघायचा, झाकण लावायचा, थोड्या वेळाने पुन्हा बघायचा.

सरळ मार्ग होता. तिघांना बसवायचं आणि म्हणायचं, अंदाज चुकला, आणखी थोडे थोडे काढा. तिघंही हसत देणार होती. बेकरीवाल्याने तर दोनदा तसं सुचवलंही. पण कप्तान म्हणायचा, शब्द म्हणजे शब्द. त्याच्या पिढीला आपला शब्द मोडलेला दिसण्यापेक्षा बाकी काहीही मोडलेलं चालतं.

एका दुपारी वारा आला. सुरुवातीला छान आला. मी भरलो, बोट कलली, सगळ्यांच्या तोंडावर हसू. कप्तानाने मनात हिशेब केला. अशीच पळाली तर पैसे पुरतात. तो मला वर बघून म्हणाला, चल बाबा, चल. मीही जीव खाऊन ओढत होतो. मला त्याच्यासाठी ओढायला आवडायचं.

मग वारा वाढला. अशा वेळी मला थोडं खाली उतरवतात आणि खालचा भाग गुंडाळून बांधतात. त्याला शीड लहान करणं म्हणतात. बोट हळू चालते, पण सगळं शाबूत राहतं.

सुकाणूवर मुंगी होती. ती म्हणाली, "काका, लहान करूया ह्याला."

"थांब थोडं."

पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला. ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, वेग बघ किती मिळतोय. तिसऱ्यांदा ती ओरडून म्हणाली, कारण आता वाऱ्यात साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्याने हात वर केला. थांब.

माझ्या पोटात काहीतरी सुटलं. दुखलं नाही. हलकं वाटलं, आणि मग सगळा वारा माझ्या आरपार गेला. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत मी उघडा पडलो.

पुढे सगळं भराभर झालं आणि चांगलं झालं. मुंगीने बोट वाऱ्याच्या तोंडावर धरून ठेवली. बेकरीवाल्याने मला मिठी मारून खाली ओढलं. वारा ओसरल्यावर त्याने मला मांडीवर ताणून धरलं आणि नर्सबाई आणि मुंगी दोन्ही बाजूंनी शिवत मधे येऊ लागल्या. नर्सबाईचे टाके बारीक, मुंगीचे ढांगाढांगांचे. नर्सबाई म्हणाली, अगं, हे माणसाचं पोट असतं तर आतडी बाहेर आली असती. मुंगीच्या बोटांतून रक्त आलं, ते मला लागलं. कप्तान चहा करून देत होता आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल, चुकलं माझं. दोन शब्द. मी वाट बघत होतो आणि मला वाटतं मुंगीही बघत होती.

बेटाच्या बंदरात पोहोचलो. मला धक्क्यावर पसरलं. तिथला शिडं शिवणारा आला, वाकून बघितलं, म्हणाला ही हातशिलाई पुढच्या टप्प्याला टिकणार नाही, कापडाचे पट्टे बदलावे लागतील. आकडा सांगून गेला. मोठा आकडा होता. चौघं माझ्याच कडेला बसली होती.

कप्तान म्हणाला, "चार भाग करू."

बेकरीवाला हसला. त्याला थट्टा वाटली. म्हणाला, माझा भाग कापूनच द्या, भट्टीपुढे पडदा होईल.

कप्तान हसला नाही. त्याने समजावून सांगितलं, शेतात उभं राहून सांगायचा त्याच आवाजात. शीड फाटलं घाईमुळे. घाई केली ती सामाईक खर्च वाढू नये म्हणून. खर्च चौघांचा, वाचणारे पैसे चौघांचे, म्हणजे नुकसानही चौघांचं.

रेषा सरळ होती. स्वयंपाकघरातून गेली होती, एवढंच.

नर्सबाईने विचारलं, "घाई आम्ही मागितली होती का, कप्तानसाहेब?" एरवी ती साहेब लावत नसे.

बेकरीवाल्याचं हसू गेलं. तो हळू म्हणाला, "तुमच्याकडे नाहीत का पैसे? तसं सांगा. मदत म्हणून मागा, आत्ता काढून देतो, परतही नकोत. पण हिस्सा म्हणून मागू नका. हिस्सा म्हणून मी एक नाणं देणार नाही."

किती सोपं करून दिलं होतं त्या माणसाने. पण कप्तान म्हणाला, मी कुणाकडे मदत मागत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या घरचं पाणी न प्यायलेला माणूस. ताठ. मला त्या क्षणी त्याच्या ताठपणाची चीड आली. आजही येते. मोठ्यांना आपण उगाच देव्हाऱ्यात बसवतो, आणि मग त्यांना उतरता येत नाही.

मुंगी माझ्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. ती म्हणाली, "काका, मी तीनदा म्हणाले होते."

कप्तान हातातल्या दोराचं टोक बघत होता. बघत बघतच म्हणाला, "सुकाणू तुझ्या हातात होतं, मुंगे."

धक्क्यावर कुणीतरी गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं.

त्याला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. अडचणीत सापडलेला माणूस हाताला येईल ते पुढे करतो, तसं त्याने ते पुढे केलं. पण ती त्याच्या हाताला आली, हेच तर वाईट. बाकी सगळे तिला हेच ऐकवत होते, जे बिघडलं ते तुझ्यामुळे. हा एक नव्हता ऐकवत.

मुंगी उठली, बोटीत गेली, बाहेर आली. तिने पैसे त्याच्यापुढे धरले. सायकलच्या दुकानातले, पुढच्या टप्प्यासाठी ठेवलेले.

"चौथा हिस्सा," ती म्हणाली. "मोजून घ्या."

जन्मात तिने त्याला कधी 'घ्या' म्हटलं नव्हतं.

आणि त्याने मोजले. मी तिथेच पसरलेला होतो, मी पाहिलं. सवयीने अंगठ्याला थुंकी लावून मोजले, बरोबर आहेत म्हणाला, आणि खिशात ठेवले. त्याला वाटलं, विषय मिटला. त्याच्या नोकरीत असंच मिटायचं.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीबोटीने तिघंही गेली. जाण्याआधी नर्सबाईने त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या करून ठेवल्या. बेकरीवाल्याने बंदरातल्या कुणाचीतरी भट्टी मागून घेतली आणि चार पाव भाजून टेबलावर ठेवले. मुंगीने मला नीट घडी घातली. कडेला कड लावून, जशी त्याने शिकवली होती तशी. त्याच्याकडे बघितलं नाही.

कप्तान धक्क्यावर उभा राहिला. त्याला वाटत होतं ती परत येईल, राग शांत झाला की. फेरीबोट दिसेनाशी झाली तरी उभा होता.

माझी दुरुस्ती झाली. शिडं शिवणाऱ्याने मुंगीचे टाके उसवायला घेतले, तर कप्तान म्हणाला, ते राहू दे, त्यांच्यावरून पट्टा लाव. मग त्याने पुन्हा फळ्यावर कागद लावला. ह्या वेळी लिहिलं, की जेवणाखाण्यासकट सगळा खर्च मालकाचा. माणसं आली. चांगली होती, वाऱ्याची जाण असलेली. तो त्यांना चहा पाजायचा, बोट दाखवायचा आणि म्हणायचा, कळवतो. कुणालाच कळवलं नाही. शेवटी भाड्याची माणसं लावून बोट परत आणली आणि आमच्या जुन्या बंदरात जमिनीवर ओढून ठेवली.

तेव्हापासून मी बोटीवर आडवा ताणलेला आहे, छप्पर म्हणून. ऊन माझ्यावर, पाऊस माझ्यावर, बगळ्यांचं जे काय ते माझ्यावर. कप्तान रोज शिडी चढून येतो आणि माझ्याखाली बसतो. डबा आणतो, पेपर वाचतो, घोरतो. त्याने ते पैसे मुंगीला परत पाठवले. ते गेले तसे परत आले. दुसऱ्यांदा पाठवले, त्यात चिठ्ठी घातली, चुकलं माझं. पाकीट न उघडता परत. एकदा तिच्या बापाचा फोन आला होता. मोठ्याने बोलतो तो, मला इथवर ऐकू आलं. म्हणत होता, पोरीला मी सांगतो, काकाची माफी माग म्हणून, मोठ्यांशी असं वागतात का. असल्या बापाला काय म्हणावं.

कप्तान म्हणाला, "नको दादा. तिने कसली माफी मागायची? माझ्यामुळे झालं ते." आणि फोन ठेवला.

बघा, येतं त्याला म्हणता. उशिरा येतं.

तुमच्यापैकी कुणी कुणाच्या बोटीवर हौसेने जाणार असाल तर निघण्याआधी विचारा, मोडलं तर कुणाचं. आणि मोडल्यावर पुन्हा विचारा. समोर पांढरे केस आहेत म्हणून लाजू नका. आणि बोट तुमची असेल तर एवढंच करा. जे तुमचं आहे ते तुमचं म्हणा. पैसे नसतील तर नाहीत म्हणा. हौसेने आलेली माणसं पैसे मागितले म्हणून जात नाहीत.

माझं कापड आता फार दिवस टिकणार नाही. मुंगीची शिवण ज्या पट्ट्याखाली आहे तो पट्टाही सुटत आलाय. पुढच्या पावसाळ्यात मला काढून प्लास्टिक टाकतील. माझी त्याबद्दल तक्रार नाही. खाली तो बसलेला असतो, त्याच्यावर सावली पडते, मला बरं वाटतं. मला तो आवडतो, सांगितलं ना आधीच.

पलीकडचा किनारा त्याने पाहिला नाही. आता त्याचं वय त्याला जाऊ देणार नाही. मुंगी त्याच गावात राहते, त्याच सायकलच्या दुकानात काम करते, आणि त्याच्याशी बोलत नाही.